चिनी स्थलांतरित लेखिकांपैकी प्रथम कोणाला वाचावे?

माझे उत्तर न्ये हुआलिंग (1925–2024). त्यांचे वडील 1936 साली चिनी कम्युनिस्टांच्या लाल सैन्याच्या हातून मारले गेले. 1949 मध्ये चीन कम्युनिस्टांच्या ताब्यात जात असताना त्या कुटुंबासह तैवानला गेल्या आणि तेथील एका उदारमतवादी पाक्षिकाचा साहित्य विभाग सांभाळू लागल्या. 1960 साली सरकारने ते बंद पाडून त्याच्या प्रमुखाला तुरुंगात टाकले, तेव्हा त्यांच्यावरही पाळत बसली. 1964 मध्ये त्या अमेरिकेतील आयोवाला पोहोचल्या.

‘मलबेरी अँड पीच’ या कादंबरीपासून सुरुवात करावी. तिची नायिका आधी यांगत्से नदीच्या घळीत अडकलेल्या नावेत, नंतर वेढा पडलेल्या पेकिंगमध्ये (आजचे बीजिंग), पुढे तैवानमधील एका माळ्यावर लपून राहते आणि अमेरिकेत पोहोचेपर्यंत तिच्या मनाचे दोन तुकडे होऊन दुसरीच बाई तिच्या देहातून बोलू लागते. निर्वासितपण इतक्या आतून मांडणारी कादंबरी माझ्या वाचनात दुसरी नाही. अमेरिकेत साठ वर्षे राहूनही त्यांनी सर्जनशील लेखन मुख्यतः चिनीतच केले, हे मला फार मोलाचे वाटते.

कवी पॉल एंगल (पुढे त्यांचे पती) यांच्यासह त्यांनी 1967 मध्ये आयोवा विद्यापीठात आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रम सुरू केला, ज्यात 1975 साली आपले दिलीप चित्रेही सहभागी झाले होते. 1979 मध्ये तर त्यांनी चीन आणि तैवान या दोन्हीकडच्या लेखकांना तीस वर्षांच्या ताटातुटीनंतर तेथेच एकत्र बसवले.