गाडी उभी असताना इंजिन का थरथरते?

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी, इंजेक्शन प्रणालीची आणि साध्या गिअरची गाडी १७ वर्षे जुनी आहे. रस्त्यावर ती अजूनही चांगली ओढते. मात्र सिग्नलला उभी राहिली की इंजिनाचे फेरे मिनिटाला ५०० पर्यंत उतरत, स्टिअरिंग थरथरे आणि एसी चालू असेल तर गाडी कधी कधी बंद पडे. मेकॅनिकने आधी प्लग बदलले, आणि त्याने गुण आला नाही तेव्हा थ्रॉटलचा स्क्रू फिरवून आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचे फिरणे, वाढवून दिले. आता गाडी बंद पडत नाही, पण थरथर तशीच आहे. इंजिन खोलावे लागेल का?

उत्तर : इंजिन खोलण्याचा विचार इतक्यात करू नका. गाडी रस्त्यावर चांगली ओढते, हा तुमच्या पत्रातला सर्वांत उपयोगी तपशील आहे. गाडी उभी असताना थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन अगदी थोड्या हवेवर तग धरून असते. अशा वेळी हवेत, पेट्रोलात किंवा ठिणगीत पडलेला किरकोळ फरकही लगेच जाणवतो. वेग घेतल्यावर इंजिन कितीतरी पट अधिक हवा ओढू लागते आणि तोच फरक त्यात बुडून जातो. म्हणून आयडलिंगची तक्रार बहुधा एखाद्या लहान दोषाची असते, आणि तो शोधायला घाई न करता क्रमाने जावे लागते.

चार सिलिंडरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांचे आयडलिंग, इंजिन गरम झाल्यावर, मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत मिळेल. थंड इंजिन सुरुवातीला हजाराच्या वर फिरते, ते योग्यच आहे. तेव्हा ५०० हा आकडा निश्चितच कमी होता.

पहिले काम म्हणजे तो स्क्रू मूळ जागी आणून घ्या. इंजेक्शनच्या गाडीत हा स्क्रू आयडलिंग जुळवण्यासाठी नसतो. झडप पूर्ण मिटल्यावर कुठे टेकावी, हे कारखान्यात त्याने ठरवून दिलेले असते. तो फिरवला की झडप मिटली आहे हे सेन्सरला नीट कळत नाही आणि आयडलिंग सांभाळण्याचे गाडीतल्या संगणकाचे कामच बिघडू शकते. मला हा उपाय मनापासून अमान्य आहे, कारण त्यात दोष जागेवरच राहतो आणि पुढच्या तपासणीत प्रत्येक लक्षण फसवे दिसू लागते.

तरीही त्या खटाटोपातून एक गोष्ट कळली. फेरे वाढवूनही थरथर गेली नाही, म्हणजे तुमच्याकडे बहुधा दोन वेगळ्या तक्रारी आहेत : फेरे कमी होणे ही एक आणि थरथर ही दुसरी.

फेरे उतरणे आणि एसीचा भार पडताच गाडी बंद पडणे, यावरून माझा पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर जातो. इतक्या वर्षांत झडपेच्या कडेला तेलकट काजळी साचते आणि आयडलिंगला लागणारी हवा तेथेच अडते. झडपेला वळसा घालून हवा सोडणारा आयडल कंट्रोल व्हॉल्व्हही त्याच काजळीने अडखळतो, आणि मग एसीचा काँप्रेसर लागल्यावर जी जादा हवा मिळायला हवी ती मिळत नाही. दोन्ही भाग थ्रॉटलसाठीच्या क्लीनरने, इंजिन बंद ठेवून स्वच्छ करून घ्या. तुमच्या गाडीत थ्रॉटल विजेवर चालणारा असेल तर झडप बोटाने ढकलू नये. आतले गिअर नाजूक असतात.

थरथरीचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा. मागे सायलेन्सरपाशी थोडे लांब उभे राहून आवाज ऐका. फटफट एका लयीत चालली असूनही गाडीच्या अंगात कंप जाणवत असेल, तर इंजिन ज्यावर टेकते त्या माउंटिंगचे रबर बसलेले असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्याचा ज्वलनाशी काही संबंध नाही. लय मध्येच तुटत असेल, तर एखादा सिलिंडर मिस करतो आहे, म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळत नाही. तो ओळखण्यासाठी इंजिन आयडलिंगवर ठेवून मेकॅनिकने एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहावा. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढताच फेरे उतरतात. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. हीच परीक्षा प्लगची वायर उपटून करण्याची जुनी पद्धत टाळावी, कारण त्या वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

दोषी सिलिंडर कळला की त्याचा प्लग आणि स्वतंत्र असल्यास ठिणगीची कॉइल शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून पाहा. मिसिंग शेजारी सरकले तर सुटा भाग सापडला. सरकले नाही तर इंजेक्टर आणि कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासावे. सिलिंडरांच्या कंप्रेशनमध्ये साधारण १० ते १५ टक्क्यांहून अधिक तफावत नसावी. जुन्या गाडीत, विशेषतः ती बरीच वर्षे गॅसवर चालली असेल तर, टॅपेटमधील (सिलिंडरचा व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातील) फट कमी होऊन व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि हा दोष आयडलिंगलाच अधिक जाणवतो. वेळेवर टॅपेट जुळवले तर जळू पाहणारा व्हॉल्व्ह वाचतो, म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नका.

यासोबत इंजिनाच्या ओढीवर चालणारे व्हॅक्यूमचे रबरी पाइपही पाहावेत. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात आणि टोकाशी तडकतात. त्या भेगेतून मोजमापाबाहेरची हवा आत गेली की हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते; काही गाड्यांत त्यामुळे फेरे उलट वाढतात, तर काहींत ते खालीवर होतात. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक पाइपांजवळून, पंखा आणि बेल्ट यांपासून दूर ठेवून, फिरवले तर गळतीचा सूं असा आवाज स्पष्ट येतो. गरम इंजिनावर ज्वलनशील फवारा मारून गळती शोधू नये, त्याने आग लागू शकते. ब्रेकचे पेडल दाबताच फेऱ्यांत स्पष्ट फरक पडत असेल, तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर किंवा त्याचा पाइप गळत असावा, आणि मग प्रश्न ब्रेकचा होतो. ती दुरुस्ती त्याच दिवशी करावी.

मेकॅनिककडे स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती वाढवतो वा घटवतो त्याचे, आकडे मागा. आयडलिंगला संगणक १० टक्क्यांहून अधिक पेट्रोल वाढवत असेल आणि २५०० फेऱ्यांवर तो आकडा पुन्हा शून्याजवळ येत असेल, तर हवेची गळती आहे असे धरून चालावे.

प्रश्न : माझ्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचे इंजिन गरम झाल्यावरही चोक ओढल्याशिवाय आयडलिंगला टिकत नाही. असे का होते?

उत्तर : चोक हवा कमी करून मिश्रण दाट करतो. त्याने इंजिन टिकते, याचा अर्थ एरवी मिश्रण पातळ पडते आहे. बहुधा आयडल जेटमध्ये, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकात, कचरा अडकला असेल. तो हवेच्या दाबाने स्वच्छ करावा, तार घालू नये, कारण जेटचे भोक मोठे झाले तर तो निकामी होतो. कार्बोरेटरवर विजेचा कट-ऑफ सोलेनॉइड (पेट्रोल सोडणारी-अडवणारी विजेची झडप) असल्यास चावी चालू करताना त्याचा टक् असा आवाज येतो का ते ऐका. आवाज नसेल तर आधी त्याची वायर पाहावी. जेट आणि सोलेनॉइड दोन्ही ठीक निघाले, तर कार्बोरेटरखालची गॅस्केट तपासावी.

प्रश्न : थ्रॉटल स्वच्छ केल्यापासून आयडलिंग १५०० वर गेले आहे. सफाईत काही बिघडले का?

उत्तर : बहुधा नाही. काजळी असताना झडप किती उघडायची याचा अंदाज संगणकाने बांधलेला असतो, आणि तोच तो स्वच्छ झडपेवरही वापरतो. पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने आयडलिंग नव्याने शिकवून घ्या; काही गाड्यांना त्यासाठी स्कॅनर लागतो. त्यानंतरही फेरे उतरले नाहीत, तर थ्रॉटलची गॅस्केट नीट बसली आहे का आणि एखादा पाइप जोडायचा राहिला आहे का, हे पाहावे.