साखर पाण्यात वितळते की विरघळते?

भुसावळच्या एका पालकांनी विचारलंय: मुलीने वहीत 'साखर पाण्यात वितळते' असं लिहिलं, बाईंनी ते लाल शाईने खोडलं. घरी तर सगळे तसंच म्हणतात, मग चुकलं कुठे?

बाईंचं बरोबर आहे. साखरेच्या दाण्यात कण ओळीने, एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. पाण्यात पडल्यावर पाण्याचे कण त्यांच्याभोवती जमतात आणि एकेकाला ओळीतून सोडवून नेतात. हे विरघळणं, माठातल्या गार पाण्यातही होतं. वितळताना तिसरं कोणी मध्ये येत नाही. उष्णतेने तेच कण इतके हलू लागतात की ओळ मोडते; तरी पांगत नाहीत, खेटून राहूनच इकडेतिकडे सरकतात. बर्फ 0 अंशाला वितळतो, मीठ 801 अंश सेल्सिअसला. 'वरणात मीठ वितळलं' म्हणणाऱ्याची चूल जबरच म्हणायची!

क्रियापद निवडताना मी एवढंच बघतो: 'कशात?' विचारावंसं वाटलं तर विरघळणं, 'कशाने?' विचारावंसं वाटलं तर वितळणं. खडीसाखर लाळेत विरघळते, चॉकलेट अंगाच्या उबेने वितळतं. म्हणून तर मे महिन्यात जळगावचा पारा 45 वर गेला की चॉकलेट दप्तरातच लोळागोळा होतं आणि शेजारच्या पुडीतली खडीसाखर खुशाल असते. सोनं मुशीत वितळतं खरं, 1064 अंशांना, पण मूस हे नुसतं भांडं. सोनं तिच्यात मिसळत नाही. (सराफ बाजारात मात्र 'सोनं आटवणं' ऐकाल. दूध आटवताना पाणी वाफ होऊन जातं. सोन्याचं तसं काही होत नाही, तरी शब्द तोच.)

आजी ळचा य करून बोलत असतील, केळीला 'केयी' म्हणत असतील, तर ते अजिबात खोडू नका. तो बोलीचा उच्चार आहे, त्याने अर्थ बिघडत नाही.

खरा पेच गुळाचा. उन्हाळ्यात डब्यात ठणठणीत राहिलेला गूळ आषाढात, हवा गार असतानाही पाघळतो. दिसायला वितळल्यासारखा, पण तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि त्या पाण्यात विरघळू लागतो. 'पाघळणं' या भानगडीत पडतच नाही: तापून असो की ओल लागून, घट्ट वस्तू सैल होऊन ओघळू लागली की ती पाघळली. मुलीने गुळाबद्दल तसं लिहिलं, तर बाईंनाही खोडता येणार नाही.