चालणं जानेवारीतच का थांबतं?

प्रश्न: दरवर्षी १ जानेवारीला चालायला लागते, संक्रांतीला आमच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आली की खंड पडतो, उन्हाळ्यात तर बंदच. काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, जत्रेत खंड पडणारच, नाही पडला तर सोलापूरकर कसल्या! जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोज ३० मिनिटं चाललात तरी दोन दिवस सुट्टी उरते, ती गड्ड्यावर वापरा की. एप्रिल-मेत पारा ४० च्या वर जातो तेव्हा पहाटेच सिद्धेश्वर तलावाकडं चक्कर मारा, जमलं नाही तर घरात फॅनखाली सूर्यनमस्कार. आणि वजनकाट्यावर रोज चढू नका, शरीरातल्या पाण्यानंसुद्धा आकडा खालीवर होतो, उगाच मूड जातो. चुकलं तर सोमवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी दहा मिनिटं निघा.