झपाटलेली माती

मागील अंकातील भयविनोदपटांवरच्या टिपणात, मातीच्या बाहुल्यांनी केलेल्या रक्तरंजित विडंबनपटांचा ओझरता उल्लेख होता. त्यावर अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक पत्रे आली, म्हणून या वेळचे प्रश्नोत्तरांचे सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या भाच्याने मला संगणकावर एक छोटा क्लेमेशनपट, म्हणजे मातीच्या बाहुल्या थोड्या थोड्या हलवून एकेक छायाचित्र टिपत केलेला चित्रपट, दाखवला. पलंगाला बांधलेली झपाटलेली मुलगी, तिच्यातील सैतान काढायला आलेले दोन पाद्री, हिरवीगार ओकारी आणि अखेरीस दोन्ही पाद्र्यांची आतडी भिंतीवर, असा सगळा प्रकार होता. दूरचित्रवाणीवर शस्त्रक्रियेचे दृश्य आले तरी मी मान फिरवतो, पण येथे मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. माझे मन बोथट झाले आहे, असे समजावे काय?
— एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : तसे समजण्याचे काहीच कारण नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्स रसापासून भयानक रसाची उत्पत्ती सांगितली आहे आणि हास्याला शृंगाराची अनुकृती म्हटले आहे. पुढे नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने हा विचार विस्तारला आणि केवळ शृंगाराचाच नव्हे, तर कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो, असे प्रतिपादन केले. आपण पाहिलेल्या चित्रपटात बीभत्साचा असा आभास आहे, आणि तो आभास आहे हे लपवण्याची जराही खटपट तेथे कोणी केलेली नाही. आपल्या हसण्याचे मूळ त्यात आहे.

ज्या चित्रपटप्रकाराची ही टिंगल आहे, त्याचा घाट बहुतांशी 1973 च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ने घालून दिला. विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या 1971 मधील कादंबरीवर विल्यम फ्रिडकिन यांनी तो काढला. पडद्यावर दिसते ते खरोखर घडत आहे, असे प्रेक्षकाला वाटावे यासाठी त्या मंडळींनी जिवाचे रान केले. नटांच्या तोंडातून वाफ दिसावी म्हणून मुलीच्या खोलीचा सेट यंत्रांनी गोठवला, डिक स्मिथ यांनी कोवळ्या चेहऱ्यावर जखमांची रंगभूषा चढवली, सैतानाचा आवाज मर्सिडीझ मॅककेंब्रिज या अनुभवी अभिनेत्रीकडून घेतला, गरकन फिरणाऱ्या मुंडक्यासाठी बाहुली बनवली आणि ओकारीसाठी वाटाण्याचे सूप वापरले. मातीचा विडंबनपट नेमकी याच्या उलट वाट धरतो. झपाटलेल्या मुलीच्या गालावर कलावंताच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत असतो आणि पाद्र्याचे आतडे म्हणजे तळहातावर वळलेली वळी आहे, हे शेंबड्या पोरालाही कळते. तेथे यातना भोगणारे शरीरच नसल्यामुळे आपल्या सहानुभूतीला कामच उरत नाही, आणि मोकळी झालेली बुद्धी पाद्र्यांच्या फजितीचा आनंद घेऊ लागते.

आपल्या पत्रातील शस्त्रक्रियेचा उल्लेख या दृष्टीने फार मार्मिक आहे. मूळ चित्रपटात अनेकांना सर्वांत असह्य झालेले दृश्य सैतानाचे नाहीच. रुग्णालयात त्या मुलीच्या मानेत सुई खुपसून रक्तवाहिन्यांची तपासणी करतात, ते आहे. सैतान कोणी पाहिलेला नसतो, सुई मात्र प्रत्येकाने टोचून घेतलेली असते. बहुतेक विडंबनकार हा रुग्णालयाचा भाग गाळून थेट पलंगाकडे धाव घेतात, त्याचे कारण हेच असावे, असे मला वाटते.

मात्र माती म्हटली की हसू येणारच, असा नियम काढू नये. चेक दिग्दर्शक यान श्वांकमायेर यांच्या 1982 मधील ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’ या लघुपटात मातीची प्रेमिकांची जोडी एकमेकांना ओरबाडून अक्षरशः लगदा करून टाकते. रक्ताचा थेंबही नाही, तरी प्रेक्षक गप्प होतो. खुद्द गंभीर भयपटांनीही मातीचा आधार घेतलेला आहे. सॅम रेमी यांच्या 1981 मधील ‘द एव्हिल डेड’च्या शेवटी झपाटलेली शरीरे वितळतात, तो भाग माती वापरून, एकेक चौकट (फ्रेम) टिपून साकारलेला होता. फरक पडतो तो वेळेच्या हिशेबाने. भयपट घाव घालण्यापूर्वी प्रेक्षकाला ताटकळत ठेवतो, तर विडंबनपट घाव घालून झाल्यावरही थांबत नाही. मुलीचे डोके एकदा फिरले की भीती वाटते. तेच डोके सहा वेळा फिरून बरणीच्या झाकणासारखे निघून आले आणि खाली पडल्यावरही शिव्या देत राहिले, तर भीतीला तोंड लपवायला जागा राहत नाही.

प्रश्न : ज्या समाजात आजही ‘बाहेरचे’ झाले म्हणून आजारी बायकांना मांत्रिकाकडे नेऊन बडवले जाते, तेथे झपाटण्यावर विनोद करणे क्रूरपणाचे नाही काय? आणि करायचाच, तर त्यात पाद्रीच कशाला हवेत?
— एक कार्यकर्ती, बिबवेवाडी

उत्तर : आपला पहिला आक्षेप मी निम्मा मान्य करतो. हसण्याचे लक्ष्य मांत्रिक आहे की त्याच्यापुढे बसवलेली बाई, यावर सारे अवलंबून आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी याच पुण्यात हत्या झाल्यानंतर प्रथम अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. त्या कायद्याची अनुसूची विनोदकारानेही एकदा वाचावी. भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोरखंडाने किंवा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, तापवलेल्या वस्तूचे चटके देणे, हे सारे तेथे ओळीने नोंदवलेले असून त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. यांपैकी एकही गोष्ट कोणा कल्पक लेखकाला सुचलेली नाही. ती माणसांनी माणसांवर केलेली कृत्ये आहेत. म्हणून धुरीने गुदमरणाऱ्या बाईवर कॅमेरा रोखून विनोद साधू पाहणारा चित्रपट मातीचा असला, तरी मला तो सहन होणार नाही. ती धुरी उलटून मांत्रिकाच्याच नाकात गेली आणि शिंकता शिंकता त्याचा मेंदू समोरच्या ताटात पडला, तर मात्र मी पहिल्या रांगेत बसेन.

या प्रकारातील चांगल्या लघुपटांनी हे पथ्य बहुधा आपसूक पाळलेले दिसते. त्यांत मुलगी तेवढी शेवटपर्यंत टिकते आणि फजिती होते ती पोथी, क्रूस व तीर्थ घेऊन ऐटीत आलेल्यांची.

पाद्र्यांविषयी म्हणाल, तर विडंबन धर्माचे नसून चित्रपटांच्या एका ठरीव साच्याचे असते आणि त्या साच्यात एक म्हातारा पाद्री, एक शंकेखोर तरुण पाद्री, लॅटिन मंत्र आणि हवेत उचलला जाणारा पलंग, ही सामग्री ठरलेलीच आहे. मूळ ओळखू आल्याशिवाय विडंबन रुचत नाही. परंतु मराठी कलावंताने तेच उचलून गिरवावे, असे कोणी सांगितले आहे? महेश कोठारे यांनी 1993 मध्ये ‘झपाटलेला’ केला, तेव्हा गुंडाचा आत्मा रामदास पाध्ये यांनी बनवलेल्या बाहुल्यात घातला. झपाटले गेले ते बाहुले, त्यामुळे कोणा आजारी बाईला बांधून घालण्याचा प्रश्नच आला नाही, आणि तात्या विंचू महाराष्ट्रभर घरोघरी पोचला. आपल्याकडे उतारा आहे, लिंबू आहे, बिब्बा आहे, काळी बाहुली आहे. शिवाय ‘कोण आहेस तू? कुठल्या वाटेनं आलास? काय घेऊन जाशील?’ ही मांत्रिकाची उलटतपासणी आहे. कोंबड्यावर सौदा तुटतो की बोकडावर, एवढ्या घासाघिशीवर चांगला पाच मिनिटांचा चित्रपट उभा राहील.

प्रश्न : मातीच्या बाहुल्या आहेत, म्हणून आठ वर्षांच्या मुलीला असा चित्रपट दाखवला, तर चालेल का?
— एक पालक, औंध

उत्तर : दाखवू नये. बाहुल्या पाहून मूल पुढे सरसावते आणि मोठ्यांचा पहाराही सैल पडतो, हाच यातला धोका आहे. विडंबनाची गंमत मूळ साचा ठाऊक असणाऱ्याला, आणि आठव्या वर्षी तो ठाऊक नसतो. तिच्या वाट्याला फक्त तुटलेले डोके येईल. चित्रपटगृहातील प्रमाणपत्रांत 2024 च्या अखेरीपासून सात, तेरा आणि सोळा वर्षांचे वेगळे टप्पे आले आहेत. घरीही त्यातला वरचा टप्पा पाळावा.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातील मित्र चार मिनिटांचा असा विडंबनपट करत आहोत. गणपतीची उरलेली शाडू वापरली, तर दुसऱ्याच दिवशी भूत तडकले. खोटे रक्त वाहून गेले आणि चित्रफितीत उजेड सारखा लुकलुकतो. काय करावे?
— एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : शाडूचा काही दोष नाही. ती वाळावी, हीच तिच्याकडून मूर्तिकाराची अपेक्षा असते. आपल्याला हवी ती मेण आणि तेल असलेली, कधीच न वाळणारी माती. विल्यम हार्बट या बाथ येथील कलाशिक्षकाने 1897 च्या सुमारास प्लास्टिसिन तयार केले, ते विद्यार्थ्यांचे काम वाळून वाया जाऊ नये म्हणूनच. अप्पा बळवंत चौकातील दुकानांत मुलांच्या रंगीत मातीची पाकिटे मिळतात, पण घेताना ती कणकेसारखी पाण्याची नसून तेलकट आहे ना, हे बोटाने दाबून पाहावे. आतल्या सांगाड्याला अॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून घ्यावी. ती बोहरी आळीत सहज मिळेल. डोके भरीव करू नये. आत चुरगळलेल्या फॉइलचा गोळा ठेवून वर मातीचा थर द्यावा, नाहीतर भूत दर दृश्यात मान टाकेल.

आता रक्ताविषयी. पातळ रक्त दोन छायाचित्रांच्या मधल्या वेळात हलते आणि वाळते, म्हणून पडद्यावर ते थरथरताना दिसते. उडणाऱ्या चिळकांडीसाठी लाल मातीच्याच निमुळत्या पट्ट्या कराव्यात आणि प्रत्येक चौकटीला मागची काढून थोडी लांब दुसरी लावावी. पाचवी-सहावी पट्टी तुटून तिचे थेंब व्हावेत. जमिनीवर साचलेल्या रक्ताला चकाकी हवी असेल, तर वर ग्लिसरिनचा हात फिरवावा, कारण ते लवकर वाळत नाही. ओकारीचेही तंत्र हेच, फक्त रंग वाटाण्याचा. लाल मातीला हात लावल्यावर तोच हात पाद्र्याच्या पांढऱ्या कॉलरला लागला, तर गुलाबी डाग सहसा जात नाही. ओली पुसणी जवळ ठेवावीत, किंवा रक्ताचे काम एकाच मित्राकडे सोपवावे आणि त्याला दुसऱ्या कशाला शिवू देऊ नये.

डोके फिरवण्यासाठी मानेतून काडी उभी घालून डोके तिच्यावर बसवावे आणि मानेचा सांधा दर वेळी बोटाने लिंपावा. पहिला फेरा संथ असावा, मध्ये डोक्याने क्षणभर थांबून प्रेक्षकाकडे पाहावे आणि उरलेले फेरे भरभर उरकावेत. हाड मोडल्याचा आवाज गाजर मोडून चांगला मिळतो.

उजेड लुकलुकण्याची कारणे बहुधा दोन असतात. एक तर कॅमेरा आपणहून प्रकाश मोजत असतो. तेव्हा त्याचे सर्व मापन हाताने ठरवून बंदिस्त करावे. दुसरे म्हणजे खिडकीतून ऊन येत असते किंवा आपला पांढरा सदरा सेटवर उजेड फेकत असतो. खोली पूर्ण अंधारी करावी, गडद कपडे घालावेत आणि हॅलोजनऐवजी एलईडी दिवे वापरावेत, म्हणजे मातीही वितळणार नाही. पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारचे चित्रीकरण टाळलेलेच बरे.

चार मिनिटांचा बेत मात्र मला धाडसी वाटतो. सेकंदाला चोवीस चौकटी आणि प्रत्येक स्थिती दोन चौकटींपुरती, असे धरले तरी सेकंदाला बारा स्थिती होतात आणि चार मिनिटांना दोन हजार आठशे ऐंशी. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यापेटीतल्या काड्या अशाच एकेक सरकवून नाचवल्या होत्या, आणि त्यांच्या काड्यांना ना चेहरा होता, ना आतडी. आपण एका मिनिटाची पटकथा करावी. त्यात पाद्री किंवा मांत्रिक एकच असावा, दाराशी येताच त्याने नारळ फोडायला हात उचलावा आणि बाकीच्या पन्नास सेकंदांत काय काय फुटते, ते दाखवावे.