नाशिकमध्ये उन्हाळी सुट्टीत सात आणि दहा वर्षांच्या मुलांना दुपारी घरात आनंदाने कसे गुंतवून ठेवावे?
रोज नवा खेळ शोधण्याऐवजी द्राक्षांपासून मनुका करण्याचे काम मुलांवर सोपवावे. एप्रिलमध्ये आपल्याकडे हंगामाच्या शेवटची बिनबियांची द्राक्षे मिळतात. ती धुऊन, रंग पालटेपर्यंत काही मिनिटे वाफवून, उन्हाच्या गॅलरीत कापडावर पसरली, की रोज उलटणे, वजन करणे आणि वहीत नोंदवणे मुले स्वतःहून करतात. चार किलो द्राक्षांच्या साधारण एक किलो मनुका होतात, पण हे गणित त्यांना आधी सांगू नये. प्राथमिक वर्गांना शिकवताना माझा अनुभव असा, की दिवसागणिक बदलणारी वस्तू हाती असली, तर मुले सहसा कंटाळत नाहीत. मात्र वाफवण्याचे काम मोठ्यांनीच करावे. शिवाय घरात पाच वर्षांखालील भावंड असल्यास अख्खे द्राक्ष त्याच्या घशात अडकू शकते, म्हणून ते उभे चिरूनच द्यावे.