लघवीचे नमुने गोळा करण्याआधी
आमवात, सोरायसिसचा संधिवात, ल्युपस (सांध्यांनाही त्रास देणारा, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असे रुग्णांचे गट घेऊन लघवीतले मेटाबोलाइट, म्हणजे चयापचयातून बनणारे छोटे रेणू, मोजणार आहेस, छान. पण मशीनकडे धावू नकोस, बरंचसं काम बाटलीतच बिघडतं. सगळ्यांचा नमुना एकाच वेळचा घे, शक्यतो सकाळचा. लगेच थंड कर, सेंट्रिफ्यूज करून पेशी काढ आणि छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेव. जिवाणूंना सवड मिळाली तर ते लघवीतल्या हिप्पुरेट या रेणूचं बेंझोएट करून टाकतात, म्हणजे मोजमापच बदलतं. एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणारं तंत्र; प्रत्येक रेणू आलेखात शिखरांसारखा दिसतो) असेल तर बफर घालून पीएच ७.४ च्या आसपास आण, नाहीतर सायट्रेटची शिखरं नमुन्यागणिक सरकतात.

खरी मेख क्रिएटिनिनची. लघवी कधी पातळ, कधी घट्ट, म्हणून सगळे क्रिएटिनिनने भागतात. पण जुनाट दाहात स्नायू झिजतात, आणि क्रिएटिनिन येतं स्नायूंतूनच. भाजकच घटला की बाकी सगळं फुगलेलं दिसतं. मीही एकदा असाच हुरळलो होतो! पीक्यूएन पद्धतही लावून बघ; ती एका रेणूवर न विसंबता सगळ्या शिखरांची संदर्भ नमुन्याशी गुणोत्तरं काढून त्यांच्या मध्यकाने पातळपणा सुधारते. दोन्हींत टिकेल तेच पुढे ने.

औषधांची नोंद काटेकोर हवी. पॅरासिटामॉलचे अंश एनएमआरमध्ये ठळक दिसतात. रुग्णांनी ते जास्त घेतलेलं असेल, तर मॉडेल आजार नाही, गोळी ओळखतं.

आणि नुसत्या निरोगी लोकांशी तुलना नको. डॉक्टरचं अडतं ते एक संधिवात दुसऱ्यापासून वेगळा करताना. पीएलएस-डीएच्या (गट वेगळे करणारी सांख्यिकी पद्धत) आलेखात गटांचे ठिपके सुटे दिसले तरी कोणता रुग्ण कोणत्या गटातला ही लेबलं ढवळून पुन्हा तपास, मग नव्या रुग्णांवर.