ओसीडी असलेल्या भावाला अंगाला घाण वास येतो अशी खात्रीच झालीये, हे वेड लागणं आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाला आधीपासून हात धुण्याचा ओसीडी आहे (म्हणजे नको ते विचार परत परत येतात आणि त्यापायी तीच गोष्ट पुन्हापुन्हा करावी लागते) आणि गेले चार महिने तो म्हणतोय माझ्या अंगाला कुजका वास येतो, कितीही समजावलं तरी पटत नाही, मग हा स्किझोफ्रेनिया झाला का. मी डॉक्टर नाही, पण हे सगळं माझ्या बाबतीत झालंय म्हणून लिहितोय.

मला कॉलेजपासून ओसीडी. नोकरी लागली हिंजवडीला आणि तिथे हे वासाचं सुरू झालं. बसमध्ये शेजारच्याने खिडकी उघडली की माझ्यामुळे, कुणी नाकाला हात लावला की माझ्यामुळे. पुण्यात टू-व्हीलरवर मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात हे मी लहानपणापासून बघतोय, माझी सख्खी बहीण गुंडाळते, ऊन आणि धुळीसाठी, तरी त्या दिवसांत नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलो की वाटायचं ह्या सगळ्या माझ्याच वासामुळे तोंड झाकून बसल्यात. वाटायचं हे आत्ता म्हणतोय, तेव्हा ते मला माहीत होतं, आज वार कुठला हे माहीत असतं तसं. दिवसाला तीन अंघोळी, आणि शर्ट काढून आईला म्हणायचो वास घेऊन बघ. आई म्हणायची नाही रे बाळा काहीच येत नाही. पाच मिनिटं बरं वाटायचं, मग वाटायचं ही आई आहे, ती कशाला खरं सांगेल.

आधी दातांचे डॉक्टर, मग स्किनचे, मग पोटाचे. एकदा तपासून घेणं बरोबरच आहे, कारण हिरड्यांचा, सायनसचा त्रास असू शकतो, क्वचित फिट्सच्या आजारातही नसलेला वास येतो. पण एकदाच. मी एक्केचाळीस हजार घालवले.

शेवटी सायकियाट्रिस्टनी सांगितलं तेव्हा कळलं की ओसीडीत आपल्याला हे खोटं आहे हे कळतंच असं नाही. काहींना कळतं, काहींना अर्धवट, काहींना अजिबात नाही, आणि त्याच माणसात ते कमीजास्त होतं. ताण असला की माझी खात्री पक्की व्हायची, रविवारी घरी असलो की थोडी शंका यायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, जी २०२२ पासून लागू आहे, ह्या वासाच्या आजाराला वेगळं नाव आहे, ऑल्फॅक्टरी रेफरन्स डिसऑर्डर, आणि तो स्किझोफ्रेनियाच्या नाही तर ओसीडीच्याच गटात आहे. नाक वाकडं आहे, चेहरा विद्रूप आहे असं वाटणारा बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर पण त्याच गटात. म्हणजे खात्री पक्की आहे एवढ्यावरून स्किझोफ्रेनिया ठरत नाही. आवाज ऐकू येतात का, बोलणं विस्कळीत झालंय का, हे डॉक्टर बघतील.

माझ्या गोळ्या ओसीडीच्याच, एसएसआरआय. ओसीडीत डोस बऱ्याचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो आणि फरक पडायला दोन-तीन महिने जातात, म्हणून तिसऱ्या आठवड्यात काही होत नाही म्हणून सोडू देऊ नका. सोबत थेरपी, ईआरपी म्हणतात, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती टाळायची. डिओ न मारता बस पकडायची, दुसरी अंघोळ करायची नाही, भीती चढू द्यायची आणि काहीही न करता थांबायचं. पहिले पंधरा दिवस मी रडलोय त्यात.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे वास येतो की नाही ह्यावर वाद घालू नका. येत नाही म्हटलं तरी ते त्याच्यासाठी अंघोळीसारखंच होतं, थोडा वेळ पुरतं. माझ्या आईने थेरपिस्टला विचारून एकच वाक्य ठरवलं, "तुला त्रास होतोय हे दिसतंय मला, पण वासाचं उत्तर मी देणार नाही." मी खूप चिडलो होतो, तिने सोडलं नाही. भावाला आधी सांगून मगच सुरू करा, अचानक नको.

जगावंसं वाटत नाही असं काही बोलला तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी न्या. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पुण्यात ससून हॉस्पिटलला पण सायकियाट्रीची ओपीडी आहे.

आणि पहिल्या वेळी तुम्ही सोबत जाच. तो डॉक्टरांना वासाचं सगळं सांगेल, बाथरूममध्ये किती वेळ जातो ते सांगणार नाही, मी पण नव्हतं सांगितलं. ते तुम्ही आठवडाभर लिहून ठेवा आणि कागद घेऊन जा.